पत्र्याची पन्हळ आणि एक ‘क’ श्रेणी

मागच्या मे महिन्यात माझी नात सुट्टीला गावी आली होती. ती पुण्यात शिकते, नववीत गेली आहे. पहिले दोन दिवस मोबाइलमध्ये गेले, तिसऱ्या दिवशी ती कंटाळली आणि घराभोवती फिरून हजार प्रश्न विचारायला लागली. त्यातला एक प्रश्न असा होता, “आबा, गोठ्यावरचं पावसाचं पाणी कुठं जातं?”

मी म्हटलं, “कुठं जाणार? जमिनीवर पडतं आणि ओढ्याला जातं.”

“मग उन्हाळ्यात टँकर कशाला घेता?”

आता यावर काय बोलणार! बीड जिल्ह्यात जन्म गेला, १९७२ चा दुष्काळ ऐन तरुणपणी पाहिला, २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेही पाहिलं. आणि स्वतःच्या गोठ्यावरून पाणी वाहून जातं, हे मात्र एका शहरातल्या पोरीनं दाखवून द्यावं लागलं.

तिनं लगेच वही काढली. गोठ्याच्या छपराची लांबी बावीस फूट, उतार दहा फूट, म्हणजे दोनशे वीस चौरस फूट, साधारण वीस चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, हे मला तिनंच सांगितलं. आमच्याकडं वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वीस गुणिले साडेसहाशे, तेरा हजार लिटर! उडून गेलं, सांडलं, वाया गेलं असं धरून तीन हजार सोडून दिलं तरी दहा हजार राहतात. म्हणजे एक मोठा टँकर दरवर्षी आमच्या डोक्यावरून फुकट जात होता.

ठरलं. छपराच्या कडेला पन्हळ लावायची आणि पाणी टाकीत घ्यायचं. टाकी भरली की उरलेलं बोअरच्या शेजारी खड्डा घेऊन त्यात सोडायचं.

तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनच्या दुकानात चौकशी केली. पन्हळ करून, बसवून द्यायचा आकडा पाच हजारांच्या पुढं गेला. वर लग्नसराईची कामं हातात असल्यानं पंधरा दिवस थांबा म्हणाले. नातीची सुट्टी तेवढी नव्हती. मी नुसताच उभा राहिलेला पाहून पत्र्याच्या दुकानातला एक वयस्कर गडी म्हणाला, “गुर्जी, पत्रा नुसता घिऊन जा. वाकवायला मशीनच लागतंय असं थोडंच हाय? दोन अँगलमधी दाबा अन् घरचंच धोपटणं हाना.”

हा लेख त्या एका वाक्यानं लिहायला लावला आहे. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या, हातात खडूशिवाय काही न धरलेल्या माणसानं सत्तरी ओलांडल्यावर पत्रा वाकवला, ही गंमत तर आहेच. पण त्या तीन दिवसांत मला माझ्याच नोकरीतली एक जुनी चूक दिसली. ती सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आधी पत्र्याचं सांगतो, कारण कुणाला घरी करायचं असेल तर उपयोगी पडेल.

आम्ही २६ गेजचा जस्ताचा मुलामा दिलेला साधा सपाट पत्रा आणला, आठ फूट बाय चार फूट. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे मला त्या दिवशी कळलं. २६ गेज म्हणजे अंदाजे अर्धा मिलिमीटर. पत्र्याचे तुकडे दुकानातच मशीनवर कापून घेतले. आपली कातरी चालवून चार फूट सरळ कापणं नवख्याला जमत नाही आणि हात कापून घ्यायची हौस असेल तरच त्या वाटेला जावं. आठ फूट लांबीच्या तीन पट्ट्या निघाल्या असत्या, पण आठ फुटी पट्टी घरी वाकवणं झेपणार नाही म्हणून आडव्या सहा पट्ट्या केल्या, प्रत्येकी चार फूट लांब आणि सोळा इंच रुंद. सांधे वाढले, पण काम हाताच्या आवाक्यात आलं.

सोळा इंचाचा हिशोब असा : मागची भिंत पाच इंच, तळ पाच इंच, पुढची भिंत पाच इंच, आणि दोन्ही काठ अर्धा-अर्धा इंच दुमडायला. काठ दुमडला नाही तर तो पात्यासारखा धारदार राहतो आणि पन्हळ हातात डुगडुगते.

नातीनं आधी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका घेतल्या आणि पन्हळीचा छोटा नमुना केला. त्यातून दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे क्रम. आधी काठ मुडपायचे, मग भिंती उभ्या करायच्या. उलट केलं तर काठ मुडपायला जागाच राहत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. लग्नपत्रिकेचा कागद एका टोकाला धरला की दुसरं टोक खाली लोंबतं. त्याच कागदाच्या दोन कडा उभ्या केल्या की तो ताठ राहतो. वस्तू तीच, वजन तेच, फक्त घडी पडली. छपराचे पन्हाळी पत्रे असतात ना, त्यांचं बळ हेच. १८२९ साली लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरानं असल्या पन्हाळी पत्र्याचं पेटंट घेतलं आणि जगभर छपरं बदलली. आमच्या मराठवाड्यात पूर्वी माळवदाची घरं होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीच्या भिंती आणि माळवदं माणसांवर कोसळली, आणि त्यानंतर लोकांना डोक्यावर मातीचं ओझं नको झालं. कितीतरी घरांवर पत्रे चढले. आमचा गोठाही त्याच सुमारास पत्र्याचा झाला. तीस वर्षं आम्ही त्या पत्र्याखाली वावरलो, पण त्याला वळ्या का असतात हा प्रश्न मला कधी पडला नाही. मी वर्गातही तो कधी विचारला नाही.

असो. आता आमचं ‘मशीन’ सांगतो. अडगळीत एक जुनी लोखंडी खाट होती. तिची चौकट अँगलची. भंगारवाल्याकडून पाच फुटांचा दुसरा अँगल आणला आणि दोन शिकंजे विकत घेतले. खाटेच्या अँगलवर पत्रा ठेवायचा, खूण बरोबर कडेवर आणायची, वरून दुसरा अँगल ठेवायचा आणि दोन्ही टोकांना शिकंजे आवळायचे. पत्र्याचा जो भाग बाहेर राहतो तो खाली दाबायचा. झालं वाकवायचं यंत्र! टोकं आवळल्यावर मध्ये अँगल किंचित सैल राहतो आणि पत्रा सरकतो. त्यावर उपाय म्हणून मध्यभागी पत्र्यावर पुठ्ठ्याची एक पातळ पट्टी घातली, मग तिथंही दाब बसला. ही युक्तीही त्या गड्यानंच सांगितलेली.

पहिली पट्टी मी वाया घालवली. लोखंडी हातोडी घेतली आणि एकाच जागी ठोकत बसलो. लोखंडावर लोखंड बसलं की पत्रा वाकायच्या आधी ताणला जातो, पसरतो, आणि कडेला लाटा येतात. मग सौभाग्यवतींचं कपडे धुवायचं धोपटणं पळवलं. (हे त्यांना संध्याकाळी कळलं. त्याचा वृत्तांत इथं देत नाही.) लाकूड पत्र्याला ताणत नाही, नुसतं वळवतं. तेही एका जागी मारायचं नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हातानं थोडं थोडं वाकवत जायचं, परत यायचं, परत जायचं. चार-पाच फेऱ्यांत काटकोन होतो. आणि काटकोनावर थांबायचं नाही, थोडं पुढं जायचं, कारण सोडल्यावर पत्रा जरासा परत येतो.

इथं नातीनं मला एक धडा दिला. भिंतीसाठी बाहेर राहिलेला पाच इंचाचा भाग तिनं एक लाकडी फळी लावून दोन्ही हातांनी नुसता दाबला आणि तो वाकला. पण अर्ध्या इंचाचा काठ काही केल्या हातानं वाकेना. मला वाटलं होतं, छोटा भाग सोपा असणार. ती म्हणाली, “आबा, तरफ आहे ना ही. दांडी दहापट लहान झाली म्हणजे जोर दहापट जास्त लागणार.” तिनं तरफेवर परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवले असतील, पण ते तिच्या मनगटाला त्या दिवशी समजलं, असं तीच म्हणाली.

आणखी एक गोष्ट. घडी चुकली म्हणून मी ती सरळ केली आणि परत त्याच रेषेवर वाकवली. दुसऱ्यांदा सरळ करताना तिथं चीर पडली. धातू एकदा वाकला की त्या जागी कडक होतो, पुन्हापुन्हा वाकवला की तुटतो. तांबट लोक भांडं ठोकताना मध्येच भट्टीत तापवतात ते याचसाठी, तापवलं की धातू परत मऊ होतो. आपल्या जस्ताच्या पत्र्याला ती सोय नाही. तापवला तर वरचा जस्त जळतो आणि त्याचा धूर छातीला वाईट. म्हणून खूण पक्की करावी आणि एकदाच वाकवावं. खूणही खिळ्यानं खोल ओरखडून करू नये. जस्ताचा थर फाटतो आणि बरोबर घडीवरच गंज धरतो. साधं मार्कर पेन बरं.

मापाचंही असंच. जाड पत्रा असेल तर आतल्या बाजूच्या मापांची बेरीज करून कापला तर कमी पडतो आणि बाहेरच्या मापांची बेरीज करून कापला तर उरतो. कारण वाकताना आतली बाजू दबते, बाहेरची ताणते, आणि मधे कुठंतरी एक थर आपल्या मूळ लांबीवर राहतो. आमच्या अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याला त्यानं फरक पडला नाही. पण भूमितीच्या पुस्तकातल्या रेषेला जाडी नसते आणि पत्र्याच्या रेषेला असते, एवढं आजोबा आणि नात दोघांनाही कळलं.

तीन दिवस लागले. सहा पट्ट्यांच्या चोवीस घड्या, आणि पहिली पट्टी वाया गेली म्हणून जास्तीचा एक तुकडा आणला तो वेगळा. सगळ्यात जास्त वेळ त्या अर्ध्या इंचाच्या काठांनी घेतला. काटकोनात वाकवून, मग पट्टी फळीवर ठेवून, काठ पूर्ण आत मुडपून चपटा करायचा. आमचे काठ कुठं फुगीर, कुठं चेपलेले, कुठं वाकडे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी असाच एक काठ ठोकत बसलो होतो आणि एकदम मला ती सुपली आठवली.

वर्ष १९८५ च्या आसपासचं असेल. मी तेव्हा एका खेड्यातल्या शाळेत होतो. कोठारी आयोगानं (१९६४-६६) कार्यानुभव नावाचा विषय सुचवला होता. पुढं आपल्याकडं दहावीचा नवा आकृतिबंध आला, १९७५ साली पहिली दहावीची परीक्षा झाली आणि हा विषय शाळांच्या वेळापत्रकात बसला. कल्पना उत्तम होती, मुलांनी हातानं काहीतरी उपयोगाचं काम करावं. प्रत्यक्षात ज्या मास्तरांचे तास कमी भरत त्यांच्या गळ्यात तो विषय पडे. माझ्या पडला. मला ना सुतारकाम येत होतं ना शिवणकाम. मी मुलांना कागदी फुलं, खडूचे नमुने, तोरण असलं काहीतरी करून आणायला सांगायचो. मुलं ती मोठ्या बहिणीकडून करून घ्यायची किंवा बाजारातून आणायची. मी वह्या तपासायचो, श्रेण्या द्यायचो. नीटनेटक्या वहीला ‘अ’. वही अपुरी असेल तर ‘क’.

आठवीत एक मुलगा होता. आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाच्या टोळीबरोबर कारखान्यावर, ते उन्हाळा लागल्यावर परत. हाही त्यांच्याबरोबर जायचा, म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने शाळेत नसायचा. त्या वर्षी परत आल्यावर त्यानं कार्यानुभवाची वस्तू म्हणून केर भरायची एक सुपली आणून दिली. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याच्या पत्र्यातून केलेली. मागं पत्र्याचीच वळवलेली मूठ, कोपरे घडी घालून एकमेकांत अडकवलेले, एकही खिळा नाही, डाख नाही. आणि तिन्ही बाजूंचा काठ एकसारखा मुडपलेला, इतका बारीक की बोट फिरवलं तर गोल लागावा. “कुठं शिकलास?” असं मी विचारलंसुद्धा नाही. बहुतेक कारखान्याच्या तळावर, कोपीसमोर बसून, कुणाचं तरी बघून शिकला असेल. हत्यारं काय होती त्याच्याकडं? एखादा दगड, एखादं लाकूड, उसाचा कोयता.

मी त्याला विचारलं, “वही कुठाय?” वही नव्हती. हजेरीही नव्हती. मी ‘क’ दिली.

नियमाप्रमाणं मी चुकलो नव्हतो, असं मी इतकी वर्षं समजत होतो. सुपली मात्र शाळेच्या शिपायानं ठेवून घेतली आणि पुढं कितीतरी वर्षं तिनंच शाळेचा केर भरला. बाकीच्या मुलांची ‘अ’ श्रेणीची कागदी फुलं त्याच सुपलीतून उकिरड्यावर गेली असणार. तो मुलगा नववीला आला नाही.

परवा खाटेच्या अँगलवर तो अर्ध्या इंचाचा काठ दहा वेळा ठोकूनही माझ्या हाताला जमेना, तेव्हा त्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरानं काय केलं होतं ते मला कळलं. त्याचा काठ आमच्या काठाच्या निम्म्यापेक्षाही बारीक होता. नातीच्या तरफेच्या हिशोबानं दुप्पट-तिप्पट अवघड. मला जे काम ओळखता येत नव्हतं त्याची मी परीक्षा घेतली होती. त्याला ‘क’ मिळाली, पण त्या विषयात खरा नापास मीच होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्या शाळांना हातानं केलेलं काम अजून ओळखता येत नाही, आणि ते ओळखणारा माणूस शाळेत आणल्याशिवाय कितीही धोरणं आली तरी काही होणार नाही.

धोरणं काही वाईट नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम अशा कामांचा प्रत्यक्ष अनुभव घ्यावा आणि दहा दिवस दप्तराविना गावातल्या कारागिरांकडं शिकावं, असं म्हटलं आहे. धातुकाम हा शब्द त्यात आहे हे वाचून मला बरं वाटलं. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू झाल्या, त्यात निवड झालेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं, थ्री-डी प्रिंटर येतो, सेन्सर येतात. चांगलंच आहे. नातीनं प्रिंटरवर किल्लीला अडकवायचं काहीतरी केलेलं मी पाहिलं आहे. पण वीस लाख प्रत्येक वाडीवस्तीवरच्या शाळेला कोण देणार? आणि जिथं दोन शिक्षकांत पाच वर्ग चालतात तिथं तो प्रिंटर चालवणार कोण? आमच्या खाटेच्या यंत्राला जुनी खाट सोडली तर एक अँगल आणि दोन शिकंजे लागले. वर एक कातरी, एक बाकशिकंजा, एक लाकडी मोगरी आणि हातमोजे धरले तरी माझ्या अंदाजानं तीन हजारांत भागावं. महाग वस्तू हवी म्हणून काम अडत नाही. ते अडतं कारण पत्रेवाल्याला शाळेत ‘सर’ म्हणायची आपली तयारी नाही.

हे जमतं, हे करून दाखवलेलं आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ, मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून तिथं गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या पद्धतीत आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात. वर्कशॉप, वीज आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, घर आणि आरोग्य असे चार भाग. वेल्डिंग, पत्रेकाम, बांधकाम, माती तपासणं, रक्तगट तपासणं, सगळं. मुलं नुसते नमुने करत नाहीत, गावाला लागणाऱ्या खऱ्या वस्तू करतात. आणि शिकवायला डिग्रीवालाच हवा असा हट्ट नाही, गावातला कारागीरही शिकवतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब २००२ साली आली ती याच पाबळमध्ये. म्हणजे हातोडी आणि संगणक यांचं भांडण नाही, हे त्या माळरानावर केव्हाच सिद्ध झालं. कलबाग २००३ साली गेले. मी त्या वेळी नोकरीत होतो. पाबळ आमच्यापासून काही परदेशात नव्हतं, पण मी कधी जाऊन पाहिलं नाही. हीही चूकच.

आता एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. कुणी म्हणेल, “गुरुजी, पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातात हातोडी आणि कोयता दिला त्यांच्या पोरांना शाळेतही परत हातोडीच देणार का? त्यांना इंग्रजी हवं, गणित हवं.” हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, तिच्यावरही अशी शंका घेतली गेली होती. मद्रासमध्ये १९५३ साली राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा धंदा अशी योजना आणली, तेव्हा ही जातीचा धंदा जातीतच ठेवायची युक्ती आहे म्हणून तिला प्रचंड विरोध झाला आणि दुसऱ्याच वर्षी ती रद्द झाली. विरोध योग्यच होता. ऊसतोड्याच्या पोरानं उसाचाच अभ्यास करावा, असं म्हणणाऱ्या माणसाला मी दारात उभं करणार नाही.

म्हणूनच माझं म्हणणं उलट आहे. पत्रा वाकवायला आधी माझ्या नातीला शिकवा. डॉक्टरच्या मुलाला शिकवा, तहसीलदाराच्या मुलीला शिकवा, मास्तरच्या पोराला तर सक्तीनं शिकवा. पत्रेवाल्याच्या पोराला त्याच तासाला तरफेचा नियम आणि क्षेत्रफळाचं सूत्र द्या, कारण त्याच्या हाताला जे कळलंय त्याचं नाव त्याला कुणी सांगितलेलं नाही. एकाकडं नाव आहे आणि हात नाही, दुसऱ्याकडं हात आहे आणि नाव नाही. दोघं एका खाटेवर पत्रा धरून उभे राहिले तर दोघांचाही फायदा आहे. नुसत्या गरिबाच्या शाळेत हा विषय ठेवायचा असेल तर मात्र तो नसलेला बरा.

आणि एक सांगतो. हातानं एखादं काम करून पाहिलं की ते काम करणाऱ्याशी आपण वेगळं बोलायला लागतो. त्या फॅब्रिकेशनवाल्याचे पाच हजार मला आधी लूट वाटले होते. तीन दिवस कंबर मोडल्यावर ते तसे वाटले नाहीत.

पन्हळ जूनच्या पहिल्या आठवड्यात चढली. लोखंडी पट्ट्या वाकवून आधार केले, दर दहा फुटांना इंचभर उतार दिला. सांधे रिव्हेट मारून सिलिकॉननं भरले. पूर्वी असल्या सांध्यांना नवसागर लावून डाख द्यायचे, पण डाखात शिसं असतं आणि हे पाणी पोटात जायची शक्यता आहे, म्हणून तो टाळला. पहिल्या पावसाचं पाणी धूळ-कचरा धुऊन जाईपर्यंत टाकीत घेतलं नाही.

दुसऱ्या पावसात तिसरा सांधा गळायला लागला. नात तोवर पुण्याला गेली होती. फोन केला. तिनं विचारलं, “आबा, उताराच्या वरच्या बाजूची पट्टी खालच्या पट्टीच्या आत बसलीय की बाहेर?” बघितलं तर एका सांध्यावर मी उलटं केलं होतं. वरून येणारं पाणी सरळ फटीत शिरत होतं. पट्टी काढून परत बसवली, गळती थांबली. पावसाळा संपेपर्यंत टाकी कितीदा भरली ते मोजायचं मी पाचव्या वेळेनंतर सोडून दिलं.

खाट अजून अडगळीत परत नेलेली नाही. गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना म्हटलं आहे की शनिवारी सकाळी दोन तास मुलांना माझ्याकडं पाठवा, पत्रा मी आणतो. तालुक्याच्या दुकानातल्या त्या वयस्कर गड्यालाही बोलावलं आहे, जाण्यायेण्याचा खर्च आणि त्याची रोजची मजुरी देऊन. तो हसला आणि म्हणाला, “गुर्जी, मी चवथी नापास हाय.” मी त्याला म्हटलं, “असू दे. मीही एका विषयात नापास आहे.”

मुलं पहिल्यांदा केर भरायची सुपलीच करतील. श्रेणी मी देणार नाही, ती तो गडी देईल.